बोर्नव्हिटाच्या डब्यातली तूरडाळ

मे 2007. सांगलीतल्या एका घराची बाहेरची खोली. 21 इंची टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे, आणि लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी तुम्ही नुकत्याच घट्ट खोचल्या आहेत. पाळण्यात बाळ झोपलंय. कालच्या बारशाला आलेली मंडळी अजून घरातच आहेत. डिजिटल कॅमेऱ्यातली फाइल तुम्ही डिस्कवर घेतलीत. आता ट्रे आत जातो, घरघर होते आणि पडद्यावर एकच शब्द येतो: अनसपोर्टेड.

"अरे, परवा याच्यावर सिनेमा लागला होता की! तेवढं आत्या कानात कुर्रर्र करते ते दाखव," आजी म्हणते.

तो सिनेमाही एव्हीआयच होता. प्लेअरवर डिव्हएक्सचा स्टिकरही आहे. मग घोडं अडलं कुठे?

तुम्ही कॉम्प्युटर लावता आणि उलगडा होतो. एव्हीआय हा नुसता डबा आहे. आपल्या फळीवर बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते, तसंच हे. सिनेमाच्या डब्यात डिव्हएक्स होतं. त्यात बहुतेक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवलेलं असतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या डब्यात मोशन जेपीईजी आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एक पूर्ण फोटो. प्लेअरच्या चिपला ती भाषा शिकवलेलीच नाही, आणि आता शिकवताही येत नाही.

तेव्हा रूपांतर करायचं. डीव्हीडीला हवं एमपेग-2. 'पाल' या टीव्ही पद्धतीत 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. कॅमेऱ्याने दिलंय 640 बाय 480, सेकंदाला 30. तुम्ही बटण दाबता. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. नव्वद टक्क्यांवर पंखा थांबतो. भारनियमन! गल्लीभर एकच उसासा. पट्टी पुन्हा शून्यापासून.

रात्री अकराला 'व्हिडिओ टीएस' फोल्डर तयार होतं. आत व्हीओबी फाइली, एकही 1 जीबीच्या वर नाही. डिस्क बर्न करताना 'फायनलाइज'वर खूण करायला तुम्ही विसरत नाही. ती राहिली तर घरचा प्लेअर डिस्क ओळखेलच असं नाही.

सकाळी आत्या पडद्यावर वाकते, कुर्रर्र करते, सगळे हसतात. पाळणा मात्र झोका घेताना बारीक अडखळतो. सेकंदाला 5 फ्रेम गाळल्या गेल्यात, त्या तिथे दिसतात. आजीला ते जाणवत नाही. तुम्हाला जाणवतं.

आता हार्ड डिस्क भरलीय. तुमचं बोट मूळ फाइलवर, 'डिलीट'पाशी आलंय. थांबा. डिस्कवरची प्रत त्या एका प्लेअरपुरती केलेली तडजोड आहे. गाळलेल्या फ्रेम तिच्यातून कधीच परत मिळणार नाहीत. प्लेअर अडगळीत जाईल, पण मोशन जेपीईजीची ती फाइल व्हीएलसीसारखा मोफत प्रोग्रॅम आजही उघडतो. प्रत कितीही सुंदर निघो, मूळ फाइल पुसू नका.