विद्युन्मंडलाचे सदृशीकरण : खोपोलीच्या तारेपासून टॅबलेटपर्यंत

खालापूर तालुक्यातील कुंभिवली आणि तिच्या आसपासची गावे ज्या प्रदेशात वसली आहेत, त्याला महाराष्ट्राच्या विद्युत्-इतिहासात निश्चित स्थान आहे. वळवण, लोणावळा व शिरवटा या तलावांचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीस आणून टाटा जलविद्युत् कंपनीने १९१५ मध्ये वीजनिर्मितीस प्रारंभ केला आणि ती वीज सुमारे ७० किलोमीटरांवरील मुंबईच्या कापड-गिरण्यांना पुरविली. या घटनेची औद्योगिक बाजू सर्वपरिचित आहे. तिच्या गणिती बाजूचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. आणि आज विद्यार्थी टॅबलेटच्या काचेवर बोटाने विद्युन्मंडले रेखाटून तपासतो, त्या व्यवहाराचे मूळ शोधू गेल्यास या गणिती बाजूकडेच वळावे लागते.

लांब पल्ल्याची वाहक तार ही स्वतःच एक विद्युन्मंडल असते. तिला रोध असतो, प्रवर्तकत्व असते, आणि तारा व भूमी यांच्या दरम्यान धारकताही असते. गिरण्या एकदम सुरू झाल्या असता मुंबईच्या टोकाशी विद्युत्-दाब किती घसरेल, वाटेत तार तुटून भूमीस लागली तर किती प्रवाह उसळेल, या प्रश्नांची उत्तरे तार टाकून झाल्यावर शोधण्यात अर्थ नव्हता. प्रयोगशाळेतील मंडल चुकले तर एखादा रोधक जळतो. येथे चूक झाली असती तर रोहित्रच जळाले असते. म्हणून आधी गणित, मग जोडणी, हा क्रम अपरिहार्य ठरला. या गणिताचा पाया किर्खोफने १८४५ मध्येच घालून दिला होता : कोणत्याही संधीस येणारा व तेथून जाणारा प्रवाह समान, आणि बंद वाटेवरील दाबांची बेरीज शून्य. एकाच केंद्राची एकच तार असेपर्यंत कागद, सरकपट्टी आणि चिकाटी एवढी सामग्री पुरेशी होती.

अडचण पुढे उत्पन्न झाली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. अनेक केंद्रे एकाच भारास वीज पुरवू लागली, की प्रत्येक संधीचे समीकरण इतर संधींत गुंतते, आणि संधी वाढतात त्याहून कितीतरी वेगाने श्रम वाढतात. हा अनुभव जगभरच्या विद्युत्-जालांना एकाच सुमारास येत होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने १९२९ मध्ये उभारलेले जाल-विश्लेषक यंत्र हे त्यावरील उत्तर होय. खोलीभर पसरलेल्या त्या यंत्रात संपूर्ण विद्युत्-जालाची लहान प्रतिकृती जोडली जाई. मळसूत्रे फिरवावीत, मापकांवरचे आकडे वाचावेत, आणि खऱ्या जालाविषयी निष्कर्ष काढावा, अशी त्याची रीत होती. सदृशीकरण या शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा होता : एका मंडलाचे वर्तन त्याच्याच धाकट्या भावंडाला विचारावयाचे.

इलेक्ट्रॉनिकीतही दीर्घकाळ हीच पद्धत चालली. फळीवर सुटे भाग जोडून पाहणे यापलीकडे निराळी परीक्षा नव्हती. १९६० नंतरच्या दशकात एकाच सिलिकॉन-चकतीवर संपूर्ण मंडल साकारू लागले, तेव्हा मात्र फळी निरुपयोगी झाली. चकतीवरील ट्रँझिस्टर आणि फळीवरील सुटा ट्रँझिस्टर यांची वागणूक जुळत नाही, आणि चकती एकदा तयार झाली की तिच्यातील जोडणी बदलता येत नाही. म्हणजे खोपोलीच्या तारेपुढे जो पेच होता, तोच नखाएवढ्या तुकड्यापुढे पुन्हा उभा राहिला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ‘कॅन्सर’ हे विचित्र नावाचे प्रोग्रॅम तयार केले. त्या नावाच्या विस्तारात ‘प्रारण वगळून’ असे शब्द होते. अशी साधने तेव्हा बहुधा संरक्षणखात्याच्या पैशांवर पोसली जात आणि त्यांत प्रारणाच्या परिणामांचा विचार सक्तीचा असे, त्यावरचा तो टोमणा होता. त्यातूनच लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पाइस’ सिद्ध केले. ते १९७३ मध्ये विद्वत्सभेपुढे मांडले गेले आणि १९७५ मध्ये त्याची दुसरी, अधिक समर्थ आवृत्ती आली.

स्पाइसची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक संधीचे समीकरण ते स्वतः मांडते. डायोड किंवा ट्रँझिस्टर यांचे वर्तन सरळ रेषेचे नसल्यामुळे आधी एक अंदाज घेते, त्या अंदाजाभोवती वक्राला स्पर्शरेषा मानून समीकरणे सोडविते, आलेले उत्तर नवा अंदाज म्हणून घेते, आणि दोन उत्तरांतील अंतर नगण्य होईपर्यंत हे चक्र चालविते. काळानुसार होणारे बदल पाहावयाचे असल्यास काळाचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी हेच सारे पुन्हा करते. तरीही स्पाइसच्या यशाचे श्रेय केवळ या गणिताला देता येणार नाही. पेडरसन यांनी ते कोणालाही जवळजवळ विनामूल्य द्यावयाचे असा दंडक ठेवला होता. ज्याला हवे त्याने न्यावे, सुधारणा केल्यास परत द्याव्यात. आज सर्वत्र वापरले जाणारे मुक्त ‘एन्जीस्पाइस’ हे त्याच वंशातील आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत, जिची स्थापना १९५८ मध्ये झाली, या विषयाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. एच. नारायणन यांनी विद्युत्-जालांच्या गणिताचा सखोल अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. महेश पाटील यांनी ‘सीक्वेल’ हे मंडल-सदृशीकरणाचे साधन घडविले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. त्यानंतर कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘फॉसी’ प्रकल्पातून, केंद्रीय शिक्षणखात्याच्या साहाय्याने, ‘ऑस्कॅड’ तयार झाले. रेखाटन, सदृशीकरण आणि छापील पट्टीची आखणी ही तिन्ही कामे करणारे हे साधन पुढे ‘ई-सिम’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

याच सुमारास ‘आकाश’ टॅबलेटचा बोलबाला झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याचे पहिले रूप प्रसिद्ध झाले. त्याची गती मंद होती आणि काच बोटाने दाबावी लागे. पुढे ही जबाबदारी मुंबईच्या संस्थेकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सुधारलेले रूप राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाले. स्वस्त पाटी हाती आली की प्रयोगशाळा हाती आली, अशी तेव्हाची अपेक्षा होती. २०१५ पर्यंत ती योजना आटोपली. ई-सिम मात्र टिकले, वाढले, आणि पुढे त्याचे जालावरून चालणारे रूपही आले. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या टॅबलेटवर, काहीही न बसविता, मंडल रेखाटून तपासता येऊ लागले. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या असता खर्च कोणत्या वस्तूवर व्हावयास हवा होता, हे निराळे सांगावे लागत नाही. यंत्र चार वर्षांत जुने होते; खुले ठेवलेले प्रोग्रॅम पन्नास वर्षे वंश चालविते.

टॅबलेटसाठीच बनविलेली साधनेही या काळात आली. २०१० मध्ये फ्रँक क्रूगर यांचे ‘आय-सर्किट’ आले. ‘एव्हरीसर्किट’सारख्या साधनात तर तारांतून धावणारे ठिपके प्रवाहाचे दर्शन घडवितात. ही दृश्ये आकर्षक आहेत आणि नवशिक्याला उपयुक्तही आहेत. पण त्यांत समीकरण कोठेच दिसत नाही. ऑस्कॅडच्या कर्त्यांनी याच्या अगदी उलट निर्णय घेतला होता : त्यांच्या साधनातील एक लहान विभाग उत्तराबरोबर त्या मंडलाची समीकरणेही मांडून दाखवी. अध्यापनाच्या दृष्टीने हा निर्णय स्वस्त टॅबलेटपेक्षा अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. ठिपके पाहणाऱ्याला प्रवाह वाढला एवढे कळते. तो का वाढला हे कळण्यास समीकरणाखेरीज मार्ग नाही.

कर्जत येथे १९९४ पासून कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भिवपुरीच्या जलविद्युत् केंद्राच्याच तालुक्यातील विद्यार्थ्याला आता खोपोली-मुंबई तारेचे साधे प्रतिरूप टॅबलेटवर मांडता येते : मध्ये एक रोधक व एक प्रवर्तक, दोन्ही टोकांस एकेक धारित्र. भार वाढविला की मुंबईच्या टोकाचा दाब किती उतरतो, ते क्षणात दिसते. मात्र स्पाइसच्या वंशातील साधनात भूमीची संधी दाखविण्याचे राहून गेले, तर उत्तर मिळत नाही. दाब नेहमी कोणत्या तरी संधीच्या संदर्भातच मोजावयाचा असतो. तो संदर्भच नसला तर समीकरणे परस्परांवर अवलंबून राहतात आणि त्यांना एकच असे उत्तर उरत नाही.