हजेरीपट आणि पशुप्रदर्शन

शेतीचे प्रत्यक्ष शिक्षण घेण्यासाठी विद्यार्थी शाळेबाहेर गेला, तर त्याची गैरहजेरी लावावी काय? अमेरिकेच्या ग्रामीण भागात हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. तेथे शालेय वयातील मुलामुलींसाठी दोन प्रमुख कृषी संघटना कार्यरत आहेत. 'फोर-एच' या संघटनेचे मूळ १९०२ मध्ये ओहायो राज्यातील क्लार्क परगण्यात ए. बी. ग्रॅहम यांनी सुरू केलेल्या मुलांच्या मंडळात आढळते. 'एफएफए' ही दुसरी संघटना १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली.

दोहोंच्या रचनेत महत्त्वाचा फरक आहे. 'एफएफए' शाळेतील कृषी विषयाच्या वर्गाशी जोडलेली असून शिक्षक तिचे मार्गदर्शक असतात. त्यामुळे तिचे उपक्रम शाळेचेच मानणे सोपे जाते. 'फोर-एच' मात्र १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने आकारास आलेल्या कृषी विस्तार सेवेमार्फत, विद्यापीठांच्या देखरेखीखाली चालते. साहजिकच रजेचा पेच मुख्यतः तिच्याच सदस्यांपुढे उभा राहतो.

वर्षभर वासरू वा मेंढी सांभाळून ती प्रदर्शनात उतरवणे, हा या शिक्षणाचा कळस. परंतु ह्यूस्टनचे विख्यात पशुप्रदर्शन मार्च महिन्यात, तर टेक्सासची राज्य जत्रा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत भरते.

यावर राज्यांनी आपापल्या परीने तोडगे काढले आहेत. केंटकी राज्याच्या कायद्यानुसार, विस्तार अधिकारी वा नेमलेल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली 'फोर-एच'च्या नियोजित शैक्षणिक उपक्रमात सहभागी झालेला विद्यार्थी शाळेत हजर असल्याचे मानले जाते. टेक्सासमध्ये स्थानिक शाळा मंडळ ठराव करून विस्तार अधिकाऱ्यांना संलग्न शिक्षकाचा दर्जा देते; त्यांच्या देखरेखीतील मंजूर उपक्रमाचा दिवस हजेरीत धरता येतो.

या तरतुदींना आर्थिक बाजूही आहे. टेक्सासमध्ये शाळांचे अनुदान सरासरी दैनिक हजेरीवर आधारलेले असते. शिवाय विषयाचे श्रेयांक मिळण्यासाठी वर्गाच्या दिवसांपैकी सर्वसाधारणपणे ९० टक्के दिवस हजेरी आवश्यक असते. तेव्हा पटावरील एका खुणेवर शाळेचा निधी आणि विद्यार्थ्याचे हित, दोन्ही अवलंबून असतात.

सवलतीला मर्यादाही आहेत. टेक्सासमध्ये १९८४ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला ठरावीक काळ अभ्यासेतर स्पर्धांत भाग घेता येत नाही. कोरोनाच्या साथीनंतर देशभर दीर्घकालीन गैरहजेरी वाढल्याने शाळांचा हात आखडता राहणे समजण्यासारखे आहे. तथापि, रजा माफ झाली तरी बुडालेला धडा माफ होत नाही. तो भरून काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते. शेतावरील ज्ञानाला शिक्षण म्हणून मान्यता द्यावी, पण त्याची किंमत वर्गातील अभ्यासाने चुकवावी लागू नये, हाच या नियमांमागील खरा तोल आहे.