राम घाटावरची पेटी

उज्जैनच्या राम घाटावर भजनाला पेटी धरली की खरी परीक्षा डाव्या हाताची. उघड्यावर सूर पांगतो, म्हणून नवशिका पट्ट्या जोरात दाबत सुटतो. त्याचा काडीचा उपयोग नाही. पियानोची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा येतो. पेटीत मात्र लहानमोठेपणा सगळा डाव्या हाताने, भात्यातूनच काढावा लागतो.

ही कळ आमच्या शिंदेशाहीत चांगली पिकली. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. त्याच घराण्यातल्या जयाजीरावांचे पुत्र भैया गणपतराव यांनी पॅरिसच्या देबँने १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं हे परकं वाद्य ठुमरीच्या गळ्याला नेऊन भिडवलं. तिकडे महाराष्ट्रात ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या (१९११) चाली बांधणारे गोविंदराव टेंबेही पेटीवालेच.

१९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. एका सुरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाणारी मींड निघत नाही, हा आक्षेप. आणि तो खराच आहे. पण पहिलं बोट उचलायच्या आत शेजारच्या पट्टीवर दुसरं टेकवावं, भाता किंचित सैल सोडावा, की कान फसतो. म्हणून मी पोरांना आधी नुसत्या षड्जावर भाता भरायला बसवतो. कंटाळून काही पळतात. पळू देत.