माळावरच्या वंशावळी : एक प्रस्तावना

वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा, मेळघाट, फार तर कोयनेचे जंगल उभे राहते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्याचे नाव त्या यादीत कोणी घेणार नाही. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला बालाघाटची डोंगररांग, मधल्या पट्ट्यात कापूस, ऊस, ज्वारी, बाजरी आणि अधूनमधून गायरान किंवा मुरमाड माळ, असा हा मुलूख. तरी इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. हरणे हरभऱ्यात कधी उतरतात, रानडुकरे उसात कुठे दडतात, लांडग्याने कोणाची शेळी नेली, हे तो बसल्या जागी सांगेल. इथले वन्यप्राणी कुंपणापलीकडे राहत नाहीत, आपल्या बांधावर राहतात. माणसाच्या वागण्याने रानातल्या प्राण्यांचा आनुवंशिक वारसा कसा बदलतो, हे समजून घ्यायला म्हणूनच असा मुलूख सोयीचा आहे. त्या विषयाची ही ओळख.

वन्यप्राण्यांबद्दल आपण बहुधा एकच गोष्ट विचारतो : किती उरले? जनुकशास्त्र पुढचा प्रश्न विचारते : जे उरले, त्यांचे आपसात नाते काय? शंभर हरणे एकाच माळावर अडकून आपसातच वीण वाढवत असतील, किंवा शंभर हरणे दहा माळांवर विखुरलेली असून त्यांच्यातले नर ये-जा करत असतील. मोजदादीत दोन्ही सारखीच, भवितव्य मात्र निराळे. मेंढपाळाला हे शिकवावे लागत नाही. पैदाशीचा मेंढा तो काही वर्षांनी बदलतो, कारण जवळच्या नात्यात वीण लागत गेली की कोकरे खुरटतात. रानातल्या कळपाचा नर बदलायला कोणी येत नाही. ते काम प्राण्यांच्या पायांवर सोपवलेले असते, आणि ते पाय आपण अडवत चाललो आहोत.

माणूस हा वारसा मुख्यतः चार तऱ्हांनी बदलतो. रस्ते, कालवे, वस्त्या उभारून तो एका समूहाचे तुकडे पाडतो. आपली पाळीव जनावरे रानात सोडून तो जंगली रक्तात भेसळ करतो. शिंगे, सुळे किंवा कातडी पाहून तो ठरावीक प्राणीच वेचून मारतो. आणि कधी चांगल्या, कधी चुकीच्या हेतूने तो प्राणी एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन सोडतो. वाचकांनी या चार वाटा ध्यानात ठेवल्या, तर या विषयातले बरेचसे संशोधन कुठे बसते ते सहज कळेल.

आधी थोडे पद्धतीविषयी. तुम्ही म्हणाल, हरणाचे रक्त काढायचे कोणी? त्याची गरज पडत नाही. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो आणि तिथे त्यांचा ढीग साचतो. ताज्या लेंडीचा पृष्ठभाग ओलसर, चकचकीत असतो आणि त्यावर आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चिकटलेल्या असतात. संशोधक वरच्या वर अशी लेंडी उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकतात. ऊन आणि पाऊस डीएनए मोडतात, म्हणून नमुना जितका ताजा तितका चांगला. लांडग्याच्या विष्ठेत शेळीचे केस आणि हाडांचे बारीक तुकडेही सापडतात, म्हणजे तिथे शिकाऱ्याबरोबर शिकारीचाही डीएनए असतो. प्रयोगशाळेत श्वानकुळाच्याच खुणा शोधून तो वेगळा करावा लागतो. एवढ्या सामग्रीवर प्राणी कोण, नर की मादी, त्याचे नातलग कुठे आहेत, इतके कळू शकते.

आता पहिली वाट, तुकडे पडण्याची. त्यासाठी आपल्या बांधावरच्या हरणाकडे, म्हणजे काळविटाकडे वळू. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनन्या जाना आणि प्रवीण कारंथ यांनी आठ राज्यांतल्या बारा ठिकाणांहून लेंड्यांचे नमुने गोळा केले. त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातली काळविटे उत्तर, दक्षिण आणि पूर्व अशा तीन गटांत मोडतात, असे त्यातून दिसले. माद्या बहुतांशी आपल्याच मुलखात राहतात. नर मात्र अपेक्षेपेक्षा दूरवर जातात आणि समूहांना जोडून ठेवतात. माणसाने एवढी शेते, गावे, रस्ते उभारले तरी हा धागा पुरता तुटलेला नाही, ही दिलासा देणारी गोष्ट.

पण हा धागा कशावर टिकून आहे, ते पाहिले पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी १९८० मध्ये राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत कळप जगेल, वंश पिढ्यान्‌पिढ्या निरोगी राहणार नाही. त्यासाठी मधली शेते, पडीक रान, गायराने यांवरून नराला जाता-येता आले पाहिजे. पैठणचा उजवा कालवा शेवगाव-गेवराईच्या रानांतून माजलगावकडे जातो, गेवराईवरून सोलापूर-धुळे महामार्ग धावतो. शेतीला पाणी आणि माणसाला रस्ता हवाच. त्यांच्याखालून-वरून हरणालाही वाट ठेवता येते का, हा प्रश्न आता अभियंत्याइतकाच जनुकशास्त्रज्ञाचाही झाला आहे.

दुसरी वाट भेसळीची, आणि ती लांडग्याकडे नेते. आपल्या माळरानावरचा लांडगा हा जगातल्या हयात लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. २००४ मध्ये हे दिसले आणि २०२१ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून पुन्हा पुढे आले. ज्याला आपण धनगराचा वैरी म्हणून ओळखतो, तो वंशाने इतका पुरातन आहे, याचा मराठवाड्याने थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातून वेगळी बातमी आली. माळावर फिरणाऱ्या निरीक्षकांना काही लांडगे रंगाने विचित्र, पिवळसर दिसले. ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’, ‘अत्री’ ही संशोधन संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र (एनसीबीएस) यांच्या अभ्यासकांनी जनुकीय तपासणी केली, तेव्हा लांडगा आणि कुत्रा यांचा संकर सिद्ध झाला. भारतातल्या माळरानांवरचा हा पहिला जनुकीय पुरावा. त्याची सुरुवात सामान्य लोकांनी काढलेल्या छायाचित्रांपासून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

यामागचे कारण समजायला कठीण नाही. लांडगे विरळ झाले की जोडीदार मिळत नाही. उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि उकिरडे यांवर मोकाट कुत्री पोसली जातात, आणि त्याच जागी लांडगेही येतात. हजारो वर्षांत घडलेला वंश अशा उकिरड्यावर काही पिढ्यांत विरघळू शकतो. लांडगा एकही न मारता लांडगा संपवण्याची ही रीत आहे.

पुन्हा तुकडे पडण्याकडे वळू. त्याविषयी जंगलातल्या प्राण्यांवरचा अभ्यास माळावरच्या प्राण्यांवरच्या अभ्यासापेक्षा जुना आणि विपुल आहे. मध्य भारतातील वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चौघांची तुलना प्राची थत्ते, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडली. एकच भूप्रदेश, तेच रस्ते, तीच वस्ती; पण माणसाच्या पाऊलखुणांचा परिणाम चौघांवर सारखा होत नाही, हा तिचा गाभा. ओडिशातल्या सिमिलीपालचे वाघ हे एकाकीपणाचे ठळक उदाहरण. तिथे अनेक वाघांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळलेले, जवळजवळ काळे दिसतात. टॅकपेप नावाच्या एका जनुकातील बदलाने हे होते, असे २०२१ मध्ये दाखवले गेले. समूह लहान आणि इतरांपासून तुटलेला, म्हणून दुर्मिळ बदल केवळ योगायोगाने तिथे वाढला. याउलट यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ तेलंगण आणि मराठवाडा ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात आला. अशा प्रवासाच्या शेवटी वाघीण भेटली, तरच त्या पायपिटीचे वंशात रूपांतर होते. वाट राखायची ती एवढ्यासाठी.

वेचून मारण्याचा परिणाम पाहायला आफ्रिकेत जावे लागते. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ या यादवी युद्धात हस्तिदंतासाठी हत्तींची कत्तल झाली आणि गोरोंगोसा येथील नव्वद टक्क्यांहून अधिक हत्ती गेले. सुळे नसलेल्या माद्या त्यातून वाचल्या. माद्यांमध्ये पूर्वी पाचांत एकीहूनही कमी असलेले त्यांचे प्रमाण निम्म्यावर पोहोचले. बंदुकीने निवड केली आणि ती लेकींमध्ये उतरली. चौथ्या वाटेचे, म्हणजे प्राणी हलवण्याचे, चांगले उदाहरण अमेरिकेतले. फ्लोरिडातील पँथर जवळच्या नात्यातल्या विणीमुळे शेपटीला बाक आणि हृदयात दोष घेऊन जन्मत होते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि तो वंश सावरला. पण हे औषध पारखून द्यायचे असते. आपल्याकडेही, उदाहरणार्थ शिरूर कासार तालुक्यातील तागडगावच्या ‘सर्पराज्ञी’ केंद्रासारख्या ठिकाणी जखमी प्राणी बरे केले जातात. बरा झालेला प्राणी कुठे सोडायचा, या साध्या वाटणाऱ्या निर्णयालाही जनुकीय बाजू असते.

नव्या वाचकांनी दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे घाई नको. आज बांधलेल्या रस्त्याचा ठसा आजच्या डीएनएत दिसत नाही. तो उमटायला पिढ्या जातात. म्हणून आज विविधता शाबूत दिसली, तर ती आपल्या आजच्या वागण्याची पावती समजू नये. जुन्या संग्रहालयांतील कातडी आणि हाडे तपासली, तेव्हा पूर्वीच्या वाघांतील आईकडून येणाऱ्या जनुकीय प्रकारांपैकी ९३ टक्के आजच्या वाघांत आढळलेच नाहीत. तो हिशेब आधीच्या पिढ्यांच्या शिकारींचा आहे. दुसरे पथ्य शेतकऱ्याविषयी. हरभऱ्याचे उभे पीक गमावणाऱ्याला जनुकीय विविधतेचे प्रवचन देऊ नये. नुकसानीची भरपाई वेळेवर मिळाली, तर माळावरचा धागा टिकवण्यात तोच सर्वांत मोठा भागीदार होईल.

हा विषय प्रयोगशाळेत पूर्ण होतो, पण सुरू होतो तो माळावर, आणि माळ तुमच्या ओळखीचा आहे. वेगळ्या रंगाचा लांडगा दिसला तर लांबूनच छायाचित्र घ्या, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. अडचणीतला प्राणी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरे उघड्यावर टाकू नका, गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यांचा आग्रह ग्रामसभेत धरा, आणि गायरान हे रिकामे रान नाही, एवढे शेजाऱ्याला सांगा. ज्यांच्या बांधावर हे प्राणी वावरतात, त्यांच्या नोंदींशिवाय हे शास्त्र अपुरे राहील. वाचकांनी त्यात आपली भर घालावी, ही विनंती.