नॉटिंग हिलची मिरवणूक

"अहो, तिथे कशाला जाताय? आणि तेही पोरीला घेऊन?"

नॉटिंग हिलच्या कार्निव्हलला जायचं म्हटल्यावर इथल्या आमच्या मराठी मित्रमंडळींची ही पहिली प्रतिक्रिया. गर्दी, चोऱ्यामाऱ्या... आणि मग आवाज जरा खाली आणून, "ती माणसंच तसली!" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पीएचडी झाली, नोकरी लागली, पण ऑगस्टअखेरच्या त्या रविवार-सोमवारी लंडनच्या त्या भागात मी कधी फिरकलो नव्हतो. यंदा मात्र आमच्या प्रयोगशाळेतल्या त्रिनिदादच्या सहकाऱ्याने आग्रहच धरला. (याचे पूर्वज भारतातून करारावर तिकडच्या ऊसमळ्यांत गेलेले.) "रविवारी या, तो दिवस मुलांचा असतो." हो-नाही करता करता निघालो.

कार्निव्हल म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. लेंटच्या उपासांआधीची किंग मोमोची धमाल. जर्मनीत कोलोनलाही तो त्याच सुमारास. मग लंडनचा ऑगस्टात कसा? गाडीत हा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल सगळा इतिहासच ऐकायला मिळाला. घरी आल्यावर मी थोडं वाचलंही.

महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. १९४८ च्या जूनमध्ये 'विंडरश' बोटीतून वेस्ट इंडीजचे शेकडो लोक आले, मग येतच राहिले. बस, रेल्वे, इस्पितळं यांनी चालवली, पण भाड्याने खोली मिळायची मारामार. नॉटिंग हिलमध्ये तेव्हा पडक्या, दाटीवाटीच्या खोल्या होत्या, तिथे ही मंडळी राहिली. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या पोरांच्या टोळ्यांनी त्यांच्या घरांवर हल्ले केले. कित्येक रात्री हे चाललं. नऊ गोऱ्या तरुणांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली.

अशा वेळी माणसं काय करतात? दारं लावून घेतात. क्लॉडिया जोन्स या बाईंनी उलट केलं. जन्म त्रिनिदादचा, वाढल्या न्यूयॉर्कमध्ये. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकलं आणि १९५५ साली हाकलून दिलं. लंडनला येऊन त्यांनी 'वेस्ट इंडियन गॅझेट' काढलं. दंगलीनंतर त्यांनी ठरवलं, आपण कार्निव्हल करायचा! ३० जानेवारी १९५९ रोजी तो सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये झाला. जानेवारीच्या थंडीत रस्त्यावर कोण नाचणार? बीबीसीने तो दाखवलाही. त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंग हिलमध्ये केल्सो कॉक्रन या कृष्णवर्णीय सुताराचा भोसकून खून झाला. त्याबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. तरीही जोन्सबाईंचा कार्निव्हल दरवर्षी होत राहिला.

१९६४ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्या गेल्या. कार्निव्हल रस्त्यावर आलेला त्यांनी पाहिला नाही. १९६६ साली रॉन लॅस्लेट या समाजसेविकेने वस्तीतल्या मुलांसाठी जत्रा भरवली. तिथे रसेल हेंडरसनचे स्टील पॅनवाले वाजवत वाजवत रस्त्याने निघाले आणि लोक मागे चालू लागले. झाली मिरवणूक सुरू! पुढे ती ऑगस्टच्या सुट्टीला स्थिरावली.

हे पॅन म्हणजे तेलाचं पिंप. त्रिनिदादमध्ये १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने ढोलांवर बंधनं घातली, तर लोकांनी बांबू आपटून ताल धरला. १९३०-४० च्या दशकांत पिंपं हाती आली. तळ ठोकून खोलगट करायचा, त्यात उंचवटे काढायचे, उंचवटा जितका लहान तितका सूर चढा. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे पाहूनच भरून आलं. कन्यारत्न तर माझ्या खांद्यावर बसून माझ्याच डोक्यावर ताल धरत होतं.

मित्रांची भीती अगदीच खोटी नाही. १९७६ साली इथे पोलिसांशी मोठी दंगल झाली, शंभराहून अधिक पोलीस जखमी झाले. २०२४ साली चाकूहल्ल्यात जीवही गेला. आम्हीही पोरीचा हात क्षणभर सोडला नाही. पण तशी काळजी आपण पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीतही घेतोच की! "ती माणसंच तसली" असं मात्र तिथे म्हणत नाही.

परत आल्यावर जे वाचलं, त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९५९ च्या त्या पहिल्या कार्निव्हलच्या स्मरणिकेत छापलं होतं की विक्रीतला काही भाग दंगलीत दंड झालेल्या तरुणांना मदत म्हणून जाईल. काळ्या तरुणांना, आणि गोऱ्यासुद्धा. ज्यांच्या दारांवर दगड पडले त्यांनीच हे छापलं.

रात्री मित्राचा फोन आला, "सुखरूप पोचलात ना?"

म्हटलं, "हो. पुढच्या वर्षी तुम्हीही चला."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "बघू."

असो. मलाही बरीच वर्षं लागलीच की.