घटिकापात्र, गोरज मुहूर्त आणि रायपूरचे घड्याळ

लग्नपत्रिकेवर ‘१२ वाजून ३२ मिनिटे’ असा मुहूर्त तुम्ही वाचला असेल. घरोघरी घड्याळे नव्हती तेव्हा हा क्षण कसा ओळखत?

१. साधन
तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात तरंगत ठेवत. हे घटिकापात्र. ते भरून बुडले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. ६० घटकांचा एक अहोरात्र. बाहेरच्या व आतल्या पाण्याच्या पातळीतील फरक वाटीच्या वजनावर ठरतो. वाटीच्या भिंती सरळ असतील तर हा फरक जवळजवळ कायम राहतो. म्हणून पाणी एकसारख्या गतीने आत येते. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार इथलाच.

२. विधी
सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून जोशी घटका मोजत. वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असे. मुहूर्त येईपर्यंत मंगलाष्टके चालत. क्षण आला की अंतरपाट दूर होई व अक्षता पडत. गोरज मुहूर्ताला तर पात्राचीही गरज नव्हती. गुरे धूळ उडवीत घरी परतण्याची संध्याकाळ, हीच खूण. दोन्ही रीतींत वेळ त्या गावच्या सूर्याची होती.

३. रायपूरचे उदाहरण
१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपूरवर आली. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला. पुढे मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावली. रायपूरच्या बुढापाऱ्यातील सप्रे शाळा माधवराव सप्रे या मराठीभाषक हिंदी संपादकाचे नाव सांगते.

१ जानेवारी १९०६ पासून ८२.५° पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ आली. पुणे ७३.८५° वर, रायपूर ८१.६३° वर. एका अंशाला ४ मिनिटे धरल्यास फरक सुमारे ३१ मिनिटांचा. म्हणजे मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास पुण्याची गोरज वेळ बुढापाऱ्यातील पत्रिकेत जशीच्या तशी छापली, तर अक्षता पडेपर्यंत तेथे अंधार झालेला असेल. पत्रिका परंपरेप्रमाणे दिसेल, पण गोरज टळलेली असेल. अशा वेळी पंचांगातील वेळ आपल्या गावासाठी दुरुस्त करून घेणे, हेच रीतीला धरून आहे.

४. स्वाध्याय
(अ) तुमच्या गावाचा रेखांश शोधून पुण्याशी असलेला वेळेचा फरक काढा.
(आ) घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लग्नाचा मुहूर्त विचारा. तो कोणी काढला आणि अक्षता प्रत्यक्षात किती वाजता पडल्या, याची नोंद करा.