इंदूरचा खड्डा आणि माझा ड्रम

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी गॅलरीतल्या कंपोस्टच्या ड्रमचं झाकण उघडलं आणि आतून बायकोचा आवाज आला, "काय मेलंय तिथे?" महिनाभर भाज्यांची सालं टाकत होतो, शिवाय दर रविवारी विकतचं 'कल्चर'. हाती आला आंबट वासाचा चिखल!

बग सापडला की मूळ कारण शोधायचं, ही आमची व्यावसायिक खोड. शोधत शोधत पोचलो थेट होळकरांच्या इंदूरला.

१९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिथल्या नव्या संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. काम कापसाचं, पण शेतातला काडीकचरा त्याला स्वस्थ बसू देईना. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांखाली चुरडू द्यायच्या! मग खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर. तीनदा उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. हीच ती 'इंदूर पद्धत'.

आता गंमत बघा. ढीग तोच, पण आतली वस्ती बदलत जाते. आधी साध्या तापमानाचे जीवाणू साखर, स्टार्च फस्त करतात. त्यांच्याच उष्णतेने ढीग तापतो आणि त्यांनाच तिथे राहणं अशक्य होतं. मग ५० ते ६५ अंशांत रमणारे बॅसिलससारखे जीवाणू ताबा घेतात. सोपं अन्न संपलं की ढीग निवतो, आणि बुरशी व ॲक्टिनोबॅक्टेरिया चिवट काड्यांच्या मागे लागतात. पहिल्या पावसासारखा तो मातीचा वास मुख्यतः या ॲक्टिनोबॅक्टेरियांचा.

म्हणजे माझ्या ड्रममध्ये जीवाणूंची कमतरता नव्हतीच. ओल जास्त, हवा नाही, सुकं काही नाही. पुढची पाळी यायला जागाच नव्हती, आणि मी दर रविवारी नवी भरती करत होतो! (ऑफिसातही उशिरा चाललेल्या प्रोजेक्टवर आपण हेच करतो, पण असो.)

या पद्धतीवरचं पुस्तक १९३१ मध्ये आलं. त्यावर नावं दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम बघायचे. पण आज सेंद्रिय शेतीवर काहीही वाचा, हॉवर्ड पानोपानी भेटतात. वाड शोधावे लागतात. मीही हॉवर्डना आधीपासून ओळखत होतो, वाडांचं नाव मात्र त्या रविवारी पहिल्यांदा वाचलं. जरा ओशाळायलाच झालं.

तेव्हापासून ड्रममध्ये सुकी पानं आणि फाडलेले पुठ्ठे टाकतोय, दर आठवड्याला ढवळतोय. कल्चर बंद. काल झाकण उघडलं तर मातीचा वास आला.

तुमच्या सोसायटीत कुणी 'हॉवर्डची पद्धत' म्हणालं, तर एवढंच करा, "आणि वाडांची" असं जोडा. चला, ड्रम ढवळायचाय.